खांबेट्यांच्या चहाची पाळणाघरं

आम्ही वेलिंग्टनजवळ अप्पर हटला घर घेतलं आणि दुसऱ्याच रविवारी खांबेटेकाका दारात उभे राहिले. हातात पेढे नाहीत, फुलं नाहीत, साधी केळीसुद्धा नाहीत. पायात लोकरीचे मोजे आणि ते अंगठ्यापाशी खोचून वर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. "किया ओरा, मी खांबेटे," ते इथला माओरी नमस्कार करत म्हणाले, आणि लगेच आमच्या पॅसेजमधली हवा नाकाने जोरात ओढली. "तुमच्या घरात ओल आहे ना?"

आता मला सांगा, न्यूझीलंडमध्ये नवीन घर घेतलेल्या माणसाला हे विचारतात का? इथे लोक ओलीबद्दल घरच्या दुखण्यासारखं बोलतात, हळू आवाजात आणि फक्त जवळच्यांशी. आम्ही हीट पंप बसवला होता, हवेतली ओल ओढून घेणारा डीह्युमिडिफायर घेतला होता, रोज सकाळी त्याच्या टाकीत साठलेलं पाणी ओतून देत होतो. मी ताडकन म्हटलं, "छे हो! अगदी कोरडं आहे घर."

"अरेरे," खांबेटे म्हणाले. चेहरा इतका पडला की माझा नवरा नचिकेत विरघळला. तो भला माणूस आहे, म्हणजे सगळं बोलून टाकतो. "मागच्या खोलीतल्या कपाटात जरा आहे," तो म्हणाला.

खांबेटे आम्हा दोघांच्या मधून सरळ मागच्या खोलीत गेले, कपाट उघडलं आणि डोकं आत घातलं. बराच वेळ ते बाहेर काढलंच नाही. आम्ही नवराबायको त्यांच्या पाठीकडे बघत उभे. मग आतून आवाज आला, "वा! वा वा वा! काय सुंदर ओल आहे!"

घर बघायला आलेल्यांनी किचनचं कौतुक केलं होतं, मागच्या डोंगराचं केलं होतं. कपाटातल्या ओलीला दाद देणारा हा पहिलाच माणूस.

खांबेटे माती तपासणारे इंजिनिअर. कुठे इमारत उभी राहणार असली की तिथली माती किती भार घेईल हे सांगायचं, हे त्यांचं काम. पण ते पोटापुरतं. खरा जीव चहात. तोही आपला नाही, चीनचा. युनान प्रांतातला, पु-अर नावाचा. त्याची पानं वाफवतात, दाबून ताटलीएवढी चकती करतात, कागदात गुंडाळतात आणि मग काहीच करत नाहीत. नुसती ठेवून देतात, वर्षानुवर्षं. आतल्या आत तो आंबतो, काळा होतो, मऊ होतो. त्याला थोडी ओल लागते. जास्त झाली तर बुरशी, कमी झाली तर, खांबेट्यांच्या भाषेत, "चहा रुसून झोपतो."

मी टेस्टर आहे, सॉफ्टवेअरची. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका काढते. घरी तेच काम फुकट करते, असं नचिकेत म्हणतो. तेव्हा मी लगेच विचारलं, "काका, म्हणजे शिळा चहा ना?"

"शिळा नाही गं. मुरलेला!"

हा त्यांचा मंत्र. मुरू दे. कशालाही तेच उत्तर. नचिकेतचा रेसिडन्सीचा अर्ज अडकला. मुरू दे. आमच्या ओवीचा दात हलतोय पण पडत नाही. मुरू दे. एकदा लाँड्रीतला पाइप गळायला लागला, आम्ही प्लंबरला फोनवर फोन करतोय, आणि हे तिथे उभे राहून शांतपणे म्हणतात, "मुरू दे."

"अहो काका, पाणी भिंतीत जातंय!"

"हो ना," ते म्हणाले, "म्हणूनच म्हणतो."

पहिल्यांदा त्यांनी आम्हाला तो चहा पाजला तो दिवस मी विसरणार नाही. पिशवीतून लिंबाएवढी मातीची किटली निघाली, तिच्यामागून चिमुकले कप. ओवीला वाटलं भातुकली आपल्यासाठीच आणलीय, ती कप घेऊन पळाली. तिच्याकडून कप परत मिळवण्यात दहा मिनिटं गेली. मग काकांनी पिशवीतून दाभण काढलं. गोणी शिवायचं दाभण! त्या कठीण चकतीच्या कडेला ते हळूच टोचून त्यांनी एक ढलपी सुटी केली, किटलीत घातली, उकळतं पाणी ओतलं आणि लगेच ते सगळं सिंकमध्ये ओतून दिलं.

"अहो!" मी ओरडले.

"पहिलं पाणी टाकायचं असतं. त्यात नुसता झोपेतला चिडचिडेपणा असतो."

दुसऱ्या पाण्याचा रंग गडद, गुळाच्या काकवीसारखा. मी घोट घेतला आणि मला आमच्या शाळेतलं नकाशे ठेवायचं कपाट आठवलं. वाईट नव्हता. पण चहा म्हणावा असं त्यात काहीही नव्हतं. नचिकेतने डोळे मिटून विचार केला आणि म्हणाला, "जमिनीसारखा लागतो." खांबेट्यांनी उठून त्याला मिठीच मारली. त्या दिवसापासून नचिकेत त्यांच्या लेखी "मुरायला लागलेला" झाला.

कारण माणसांनाही ते त्याच तराजूत तोलतात. मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरून डबे आणून होणाऱ्या जेवणाला, कुणी नवीन जोडपं आलं की कोपऱ्यात उभं राहून माझ्या कानात निकाल देतात. "ती चांगली आहे. तो कच्चा आहे, बोलला की जीभ आखडते." मी विचारलं, "आणि मी, काका?" त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तू उत्तम आहेस, केतकी. पण तुझं पहिलं पाणी टाकून द्यावं लागतं."

नचिकेत त्यावर इतका हसला की त्याला दोन दिवस भांडी घासायला लावली मी.

तर आमचं कपाट पास झालं आणि आमच्याकडे एक चकती राहायला आली. तेव्हा कळलं की अशी घरं पुष्कळ आहेत. वेलिंग्टनपर्यंतच्या रेल्वेलाइनवर जिथे जिथे मराठी माणूस आणि ओल एकत्र सापडली, तिथे तिथे खांबेट्यांनी चकती ठेवलेली. कुणाच्या जिन्याखाली, कुणाच्या लाँड्रीत, कुणाच्या पाहुण्यांच्या पलंगाखाली. या घरांना ते पाळणाघरं म्हणतात आणि चकत्यांना बाळं. नियम कडक. जवळ अगरबत्ती लावायची नाही, मसाले ठेवायचे नाहीत, आणि डांबराच्या गोळ्या दिसल्या तर तुमचा आमचा संबंध संपला. चहा आसपासचा वास ओढून घेतो म्हणे. एका घरी सासरहून आलेला गोडा मसाला चुकून त्याच कपाटात गेला. काकांनी ती चकती शालीत गुंडाळली आणि भर थंडीत गाडीच्या चारही काचा खाली करून घरी नेली. नंतर तिची चव कशी लागली विचारलं तर म्हणाले, "आमटी."

महिन्यातून एकदा पालकांची भेट असे. रविवारी सकाळी बेल वाजली की समजायचं. "बाळ कसं आहे?" म्हणत ते कपाटाशी जायचे, चकती हातात घ्यायचे, उलटी करायचे, हुंगायचे, पुन्हा ठेवायचे. हे सगळं दोन मिनिटांत. मग ते सोफ्यावर बसायचे. मी दुधाचा, आलं घातलेला, साखरेचा चहा करायची आणि ते तो दोन कप आनंदाने प्यायचे. पु-अर मुरेपर्यंत आमचा चालत होता. मग जेवण. मग ओवीला गणित. ओवी त्यांना "काकाआजोबा, दॅट्स नॉट हाऊ वी डू इट अ‍ॅट स्कूल" म्हणायची आणि ते तिच्याशी हिरिरीने भांडायचे. संध्याकाळ व्हायची. त्यांच्या घरी मात्र आमच्यापैकी कुणीच गेलेलं नव्हतं. "माझं घर कोरडं ठणठणीत," ते सांगायचे. "तिथे येऊन काय करणार?"

मग एका रविवारी ते दोन्ही हातांत एक चकती धरून आले. आधीची दुसऱ्या पाळणाघरात हलवली आणि ही आमच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली. कागद पिवळा पडलेला, कडा मऊ झालेल्या.

"ही मुक्ताची," ते म्हणाले.

मुक्ता त्यांची मुलगी. ती झाली तेव्हा काकांनी ऑफिसात पेढे वाटले आणि लिआंग नावाच्या म्हाताऱ्या सहकाऱ्याने उलट ही चकती आणून दिली. त्या वर्षीच्या पानांची. मुलीबरोबर वाढू दे, तो म्हणाला, मोठी झाली की दोघं मिळून फोडा. खांबेट्यांना चहाचं वेड लागलं ते तिथून. पुढे मुक्ता शाळेत असताना तिची आई तिला घेऊन मेलबर्नला गेली. चूक कुणाची हे आमच्यात कुणी विचारलं नाही. म्हणजे विचारलं सगळ्यांनी, फक्त खांबेट्यांना नाही. मुलगी तिकडेच वाढली, शिकली, नोकरीला लागली. फोन करते. दर वेळी "पुढच्या वर्षी येते" म्हणते. चकती आपली मुरत राहिली.

आणि या हिवाळ्यात ती खरंच यायची ठरली! ऑफिसच्या कामाने वेलिंग्टनला येणार होती आणि शनिवारी ट्रेनने अप्पर हटला, दिवसभर. संध्याकाळी परत. खांबेट्यांना आनंदाने काय करू नि काय नको झालं. सगळ्या पाळणाघरांत फोन गेले. दाभणाला धार लावली म्हणे, दाभणाला! "शनिवारी सकाळी येऊन नेतो," त्यांनी मला चार वेळा सांगितलं. "तोवर सांभाळ हं, केतकी."

आता सासूबाईंकडे वळायला हवं.

त्या पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेल्या. येण्याआधी मी त्यांना फोनवर दम दिला होता. बिया नाहीत, घरची लोणची नाहीत आणि मुख्य म्हणजे शेणाच्या गोवऱ्या नाहीत. इथल्या विमानतळावर बुटाच्या तळव्याला लागलेली माती बघतात, तिथे गोवरी निघाली तर माझी सासू बातम्यांत दिसेल. सासूबाईंना ते फार लागलं. त्या दर गुरुवारी दिवेलागणीला धूप घालतात. गोवरीचा निखारा, त्यावर तूप, कापूर आणि ऊद. तुम्हाला वाटेल त्यांनी कधी गोवऱ्या थापल्या असतील. मुळीच नाही, त्या कोथरूडच्या. गोवऱ्या ऑनलाइन मागवतात, छान गोल, चपट्या, एकसारख्या, पाकिटात घालून येतात. इथे त्यांना मी बार्बेक्यूचे कोळसे आणून दिले. एक गुरुवार त्यांनी ते वापरले आणि जाहीर केलं, "या कोळशाला चिकनचा वास येतो."

खांबेट्यांशी त्यांची गाठ पहिल्याच आठवड्यात पडली. त्या दिवशी काकांनी डब्यातून सुटी पानं आणली होती, अख्खी चकती सासूबाईंनी पाहिली नव्हती. हे मुद्दाम सांगते, नाहीतर पुढच्या प्रकारात तुम्ही त्यांनाच बोल लावाल. काकांनी पहिलं पाणी ओतून दिलं.

"अहो, सांडला तुमचा चहा!"

"टाकला, ताई."

"टाकला? चीनहून आणायचा आणि इथल्या मोरीत टाकायचा?" मग त्यांनी दुसऱ्या पाण्याचा घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि गंभीरपणे विचारलं, "कशावर देतात हा?"

"कशावर नाही. नुसता प्यायचा."

"मग साखरेने काय पाप केलंय?"

जाताना खांबेटे मला दारात म्हणाले, "तुझ्या सासूबाई पूर्ण मुरल्यात. आता यात काहीही बदल व्हायचा नाही."

सासूबाईंची खोली मागचीच. मी त्यांना एवढंच सांगितलं होतं, "आई, वरचा कप्पा उघडू नका, तिथे ओल आहे." आता सासूला कप्पा उघडू नको म्हटलं तर पुढे काय होतं हे मला कळायला हवं होतं. टेस्टर ना मी!

मुक्ता यायच्या आधीचा गुरुवार. मी स्टेशनवरून चालत येत होते. आमच्या गल्लीत वळले तर स्मोक अलार्म किंचाळतोय. म्हटलं कुणाचं हो हे घर, तर आमचंच. शेजारची बाई कुंपणापाशी पाण्याचा पाइप हातात घेऊन तयार. "यू राइट, लव्ह?" म्हणाली. मी काय राइट असणार! दार उघडलं तर घरात ढग. ढगात ओवी नाचतेय, "आई! आजी सेट द पूजा ऑन फायर!" आणि मधोमध सासूबाई, एका हाताने अलार्मवर पंचा हाणतायत, दुसऱ्या हाताने घंटा वाजवतायत, आणि तोंडाने आरती चालू आहे.

मी आधी त्यांच्या हातून पंचा घेतला आणि खुर्चीवर चढून अलार्म बंद केला.

"केतकी, बघ तरी, किती सात्त्विक धूर आहे!" त्या आनंदाने म्हणाल्या. "नचिकेतने गोवरी आणून ठेवली आणि मला सांगितलंही नाही गं. सरप्राइज द्यायचं असेल पोराला."

"गोवरी? कुठे होती गोवरी?"

"अगं, माझ्याच कपाटात. केवढी नीट कागदात गुंडाळलेली! वर सगळं चिनीत लिहिलंय. आता गोवऱ्यासुद्धा चीनहून यायला लागल्या, कमाल आहे बाई त्या लोकांची. पण पेटत नव्हती लवकर. पुष्कळ तूप घालावं लागलं."

मी धुपाच्या घमेल्यात बघितलं. मुक्ताची चकती! सगळ्यात जवळचं पाणी म्हणजे डीह्युमिडिफायरची टाकी, तीच उपसली आणि घमेल्यावर ओतली. चर्र झालं आणि वाफेतून तो वास आला, नकाशांच्या कपाटाचा, तूप आणि कापूर मिसळलेला. पेटवायला सोपी जावी म्हणून सासूबाईंनी चकती खलबत्त्याने फोडली होती. त्यातला तळहाताएवढा एक तुकडा तेवढा ताटात उरला होता. त्यालाही तुपाचं बोट लागलेलं.

काय जळलं ते मी सांगितलं तेव्हा सासूबाई मटकन पलंगावर बसल्या. रात्री त्या जेवल्या नाहीत.

शुक्रवारी सकाळी नचिकेतने तोडगा काढला. तो इंजिनिअर आहे, त्याला तोडगे सुचतात. "कागद शाबूत आहे ना? दुसऱ्या कुणाकडची चकती आणून यात गुंडाळू. त्यांना काय कळणार?"

"त्यांना कळणार नाही?" मी म्हटलं. "ते नाकाने भिंती वाचतात!"

पण सासूबाईंचं म्हणणं वेगळंच होतं. "कळलं नाही तरी नाही चालायचं," त्या म्हणाल्या. "लेकीच्या नावाने ठेवलेलं होतं ते. तिथे दुसरं कसं ठेवशील?" त्यांनी चांगली साडी नेसली, वर माझं जाड जॅकेट घातलं, उरलेला तुकडा स्टीलच्या डब्यात ठेवला आणि मला म्हणाल्या, "चल. मला त्यांचं घर दाखव."

घर मलाही माहीत नव्हतं, फक्त पत्ता होता. दोन गल्ल्या सोडून जुनं लाकडी घर. काकांनी दार उघडलं, आम्हाला बघून ते दचकले, पण आत या म्हणाले. टेबलावर नवीन कापड घातलेलं. लिंबाएवढी किटली. दोन कप. शनिवारची मांडणी शुक्रवारीच करून ठेवली होती त्यांनी.

सासूबाई बसल्याही नाहीत. "खांबेटे, तुमच्या मुलीचा चहा मी जाळला. गोवरी समजून धुपात घातला. एवढाच उरलाय." आणि डबा पुढे केला.

काकांनी डबा उघडला. नाकाशी धरला. मला वाटलं आता हा माणूस रडतो तरी किंवा आम्हाला घालवून तरी देतो.

"तूप?" त्यांनी विचारलं.

"साजूक."

"कापूर?"

"भीमसेनी."

डॉक्टरांकडून पेशंटची हकीगत ऐकावी तशी त्यांनी मान हलवली आणि खुर्चीत बसले. मी कुठे बघावं म्हणून इकडेतिकडे बघायला लागले, आणि तेव्हा मला दिसलं. खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळत होतं. पडद्यांच्या खालच्या कडा काळ्या पडलेल्या. छताच्या कोपऱ्यात बुरशी, अर्धी पुसलेली, आणि तिथेच खाली स्टूल आणि फडकं. मुलगी येणार म्हणून पुसत होते वाटतं. सगळ्या घराला ओल होती. आमचं कपाट त्याच्यापुढे काहीच नव्हतं.

माझं पहिलं पाणी उसळलंच. "काका! तुमच्याच घरात एवढी ओल आहे? मग आमच्याकडे कशाला ठेवलीत? इथे असती तर हे झालं असतं का?"

"केतकी," सासूबाई दटावून म्हणाल्या.

"नाही, बरोबर विचारतेय ती," काका म्हणाले. डब्यातल्या तुकड्याकडे बघतच बोलत होते. "इथेच होती आधी. मुक्ता येते म्हणायची आणि तिला जमायचं नाही. तसं झालं की मी दाभण घेऊन तिच्यासमोर बसायचो. म्हणायचो, फोड आता. पिऊन टाक, संपव विषय. एकदा कडेला टोचलंसुद्धा. मग घाबरलो आणि तुझ्याकडे आणून ठेवली."

"आणि बाकीच्या चकत्या?"

"बाकीच्यांचं काय गं," ते कसंनुसं हसले. "त्या असल्या म्हणजे रविवारी कुणाच्या तरी दारात जायला काहीतरी काम असतं."

मी स्टुलापाशी पडलेलं फडकं उचललं आणि काचेवरचं पाणी पुसायला लागले.

"चहा गेल्याचं नाही हो, ताई," काका पुढे म्हणाले. "पण अख्खी दुपार पुरला असता तो. एक पाणी, दुसरं पाणी, तिसरं. फोनवर आम्ही हवापाणी बोलतो आणि थांबतो. इथे बोलायला काही सुचलं नसतं तरी ओतत बसता आलं असतं. आता सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी तिच्याशी बोलू काय?"

सासूबाईंनी आता कुठे खुर्ची ओढली. "बोलायला काय म्हणजे? मी हा कसा जाळला ते सांगा. तासभर तरी जाईल. अलार्मचं सांगा, त्या शेजारणीचं सांगा. आणि कमी पडलं तर मला बोलवा."

शनिवारी आम्ही तिघंही घरात एकमेकांना चुकवत फिरत होतो. सासूबाई फोनकडे बघत नाही असं दाखवत फोनशेजारीच बसलेल्या. दुपारी तो वाजला. "केतकी, ताईंना घेऊन ये," काकांचा आवाज धापा टाकल्यासारखा. मागून कुणीतरी हसत होतं. "मुक्ता म्हणते, नुसतं सांगून नाही चालणार, करून दाखवायला हवं."

मुक्ता उंच, काकांचंच नाक, डोळ्यांतून हसून हसून पाणी. "आर यू द आर्सनिस्ट?" तिने सासूबाईंना विचारलं. म्हणजे आग लावणारी, असं मी कानात सांगितलं. "होय," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. मग त्यांनी सगळं करून दाखवलं. काकांचा टॉवेल आणि एक चमचा घेऊन त्या खोलीभर फिरल्या, आरतीसकट. मला ओरडताना दाखवलं ते जरा जास्तच दाखवलं. मुक्ता टेबलावर डोकं ठेवून हसत होती आणि खांबेटे तिच्याकडे बघत होते, सासूबाईंकडे नाही.

हसू ओसरलं तेव्हा मुक्तानेच डबा उघडला. "शो मी हाऊ, बाबा." काकांनी दाभण तिच्या हातात दिलं, कुठे टोचायचं ते बोटाने दाखवलं. तुकड्याची अर्धी ढलपी किटलीत गेली. काका पहिलं पाणी ओतून द्यायला निघाले तर सासूबाईंनी त्यांचा हातच धरला. "टाकायचं नाही हं! आहेच केवढा!"

तेव्हा आम्ही पहिलं पाणी प्यायलो. वर तुपाचे चकाकते थेंब. धूर, कापूर आणि जुनी माती. मी आयुष्यात यापेक्षा विचित्र काही प्यायलेले नाही.

"टेस्ट्स लाइक अ टेंपल," मुक्ता म्हणाली. मग तिने बापाकडे बघितलं आणि मोडक्या मराठीत विचारलं, "कसा झाला, बाबा?"

ज्या माणसाने पॉटलकमधल्या प्रत्येकाची चव सांगितली, त्याने कप खाली ठेवला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चांगला झालाय," एवढंच म्हणाले आणि तिच्या कपात आणखी ओतला. ओतत राहिले ते पाणी अगदी फिकं होईपर्यंत. मध्ये मध्ये दोघं बोलतही होते, तिच्या ऑफिसबद्दल, कुठल्याशा मांजराबद्दल. आम्ही दोघी उगीचच किचनमध्ये कप धुवायला गेलो आणि तिथे बराच वेळ लावला.

ट्रेनची वेळ झाली. मुक्ताने जॅकेट घातलं, डब्यात उरलेल्या तुकड्याकडे बोट केलं. "डोंट फिनिश इट, ओके? मी दिवाळीला येते." ती बाहेर गाडीकडे गेली. काका किल्ली शोधत होते. मी डबा उचलला, झाकण घट्ट लावलं आणि पर्समध्ये ठेवायला निघाले.

"हा मी नेते, काका. या वेळी कपाटाला कुलूपच लावते."

त्यांनी माझ्या हातातून डबा काढून घेतला आणि ओट्यावर, केटलच्या शेजारी ठेवला.

"राहू दे गं," ते म्हणाले. "इथेच राहू दे. आता नाही मी फोडत."